पोकरमध्ये फ्लॉपवरच सेट लागला तर गप्प बसावं का?

हातात अठ्ठ्यांची जोडी, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, राजा, अठ्ठी, तिर्री, त्यात दोन बदाम. झाला तीन अठ्ठ्यांचा सेट. चेक करून, म्हणजे पैसे न लावता, समोरच्याला गाफील ठेवावं, असं तुम्हाला वाटतंय. नका ठेवू, लगेच बेट लावा! पॉट (मधे जमलेली रक्कम) १०० चा असेल आणि फ्लॉप, चौथं पान, पाचवं पान अशा तिन्ही वेळा पॉटएवढं लावून कॉल मिळाला (समोरच्यानेही तेवढंच लावलं), तर शेवटी २७०० होतात. एकदा चेक केलंत की ९०० वरच थांबता. हातात एक राजा असलेला आत्ता आनंदाने कॉल करेल, पाच बदाम जुळवायला बदामाची वाट बघणाराही. टर्नवर (चौथ्या पानावर) तिसरं बदाम पडलं की समोर पाच बदाम जुळले असतील या भीतीने तोच राजावाला हात आखडता घेतो.

हातात राजांची जोडी असून तिसरा राजा फ्लॉपवर आला, तर मात्र चेक चालतो. समोरच्याकडे कॉल करण्यासारखं पान उरतंच कुठे?