नुसत्या बोलण्याच्या उपचाराची चाचणी घ्यायला कोणी संशोधन अनुदान देतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, नैराश्यावर समुपदेशनाचा एक कार्यक्रम त्यांनी बसवला आहे, "औषध नाही, नुसतं बोलणं", आणि त्याची चाचणी घ्यायला भारतात किंवा बाहेर पैसे मिळतील का, प्रस्तावात काय लिहावं, हे त्यांना हवं आहे.

पैसे मिळतात. पण आधी ते "नुसतं" खोडा. गोळीत काय आणि किती मिलिग्रॅम, ते वेष्टनावर छापलेलं असतं. तुमच्या उपचाराचं वेष्टन तुम्हालाच छापावं लागतं: भेटी किती, किती मिनिटांच्या, किती दिवसांच्या अंतराने, घेणारी व्यक्ती किती शिकलेली, तिचं प्रशिक्षण किती आठवड्यांचं, पहिल्या भेटीत काय झालंच पाहिजे, कोणता सल्ला द्यायचाच नाही, रुग्ण आला नाही तर किती फोन, घरी जायचं की नाही, आणि उपचार पूर्ण झाला असं केव्हा म्हणायचं. हे मॅन्युअल तयार नसेल तर अर्ज करू नका. "रुग्णाच्या गरजेनुसार समुपदेशन दिले जाईल" हे वाक्य वाचलं की प्रस्ताव तपासणाऱ्याच्या मनातला निकाल तिथेच लागतो, कारण नेमकं काय तपासणार हेच त्यात नाही.

आता ज्या मुद्द्यावर मी इतकी वर्षं भांडत आलो आहे, तो तुलनागटाचा, म्हणजे ज्यांना तुमचा उपचार मिळत नाही त्या गटाचा, मुद्दा. आपल्याकडची मंडळी सगळा जीव उपचाराच्या वर्णनात ओततात आणि तुलनागटाला एक ओळ देतात: "दुसऱ्या गटाला प्रतीक्षायादीवर ठेवले जाईल." वर म्हणतात, हेच नैतिक आहे, शेवटी उपचार सगळ्यांना मिळतोच ना. मला हे अजिबात मान्य नाही. "तुमचा नंबर तीन महिन्यांनी" असं सांगितलेला माणूस तीन महिने वाट बघतो. एरवी तो डॉक्टरकडे गेला असता, भावाशी बोलला असता, फिरायला लागला असता; ते सगळं तो पुढे ढकलतो. त्यामुळे तो आहे तिथेच राहतो आणि तुमचा उपचार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तुमच्या निकालातला अर्धा आकडा उपचाराचा असतो, अर्धा तुलनागटाचा.

हे बघायला लांब जायला नको, गोवा पुरे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथे नैराश्य आणि चिंताविकारांवर 'मानस' नावाची चाचणी घेतली. पैसे वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचे, निकाल २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने घेतले, आणि वाटप रुग्णांचं न करता दवाखान्यांचं केलं. अर्ध्यांत प्रशिक्षित समुपदेशक बसले. हे समुपदेशक मानसतज्ज्ञ नव्हते, साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. उपचार पायऱ्यापायऱ्यांचा: आधी सगळ्यांना आजाराची माहिती, मग गरजेप्रमाणे औषध किंवा आंतरवैयक्तिक मानसोपचार (नातेसंबंधांतल्या अडचणींवर बोलून केलेला उपचार), आणि शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. तुलनेच्या दवाखान्यांनाही रिकामं सोडलं नव्हतं. तपासणीचा निकाल तिथल्या डॉक्टरांना आणि रुग्णांना कळवला जायचा, उपचाराची मार्गदर्शिकाही दिली होती.

सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशकांच्या बाजूला निदान झालेल्यांपैकी ६५.९ टक्के बरे झालेले होते, तुलनेच्या बाजूला ४२.५ टक्के. मोठा फरक. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही बाजूंना साधारण ६५ टक्के, म्हणजे फरक शून्य. मॅन्युअल तेच, प्रशिक्षण तेच, राज्य तेच. समुपदेशन खासगीत "चाललं नाही" असं म्हणणाऱ्याने आकडे नीट वाचलेले नाहीत. समुपदेशन मिळालेले रुग्ण दोन्हीकडे सारखेच बरे झाले. खासगीत तुलनेचे रुग्णही तितकेच बरे झाले. नेहमीचा डॉक्टर ओळखीचा असतो, नावाने हाक मारतो, घरचं माहीत असतं, याचा त्यात वाटा असणं मला तरी पटतं. हीच चाचणी कोणी फक्त सरकारी केंद्रांत घेतली असती तर ठळक यश, फक्त खासगीत घेतली असती तर सपशेल अपयश.

आणखी एक अडचण उरली. इतक्या पायऱ्या एकत्र असल्यावर कोणत्या पायरीने गुण आला ते सांगता येत नाही. पुढच्या 'प्रीमियम' प्रकल्पात म्हणूनच एकेका आजारासाठी एकेक सुटसुटीत उपचार बनवून तपासला. नैराश्यासाठीच्या 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम'मध्ये ६ ते ८ भेटी, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांच्या, आणि गाभा वर्तन-सक्रियतेचा: माणसाने सोडून दिलेली कामं, गाठीभेटी, दिनक्रम पुन्हा सुरू करणं. १० आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे, पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पट्टीवर १५ किंवा जास्त गुण असलेले. दोन्ही गटांत डॉक्टरला निदान कळवलेलं, मार्गदर्शिका दिलेली; फरक फक्त समुपदेशनाचा. तीन महिन्यांनी ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर. इथे ३९ हा आकडा मला ६४ इतकाच महत्त्वाचा वाटतो. समुपदेशनाशिवायही इतके लोक सावरतात, आणि ज्याच्याकडे तुलनागट नाही तो हे सगळं श्रेय स्वतःच्या समुपदेशनाला देऊन मोकळा होतो.

'प्रीमियम'मधल्याच दारूसाठीच्या भावंड-चाचणीत फरक लहान होता, ३६ विरुद्ध २६ टक्के लोक सावरले. साताऱ्याचा ज्यात सहभाग होता त्या स्किझोफ्रेनियाच्या 'कोप्सी' चाचणीत तर आणखी माफक: २८२ रुग्ण, २:१ वाटप, आणि लक्षणांच्या ३० ते २१० गुणांच्या पट्टीवर फरक पावणेचार गुणांच्या आसपास. तरीही ही दोन्ही कामं लॅन्सेटमध्ये छापली गेली, कारण तुलना भक्कम होती. भक्कम तुलनेतून निघालेला लहान फरक पुढच्या अनुदानाला उपयोगी पडतो.

एक फसगत आपल्याकडे फार होते. सरकारी केंद्रात "नेहमीचे उपचार" म्हणजे पुष्कळदा ब कॉम्प्लेक्सची पुडी. असा तुलनागट म्हणजे दुसऱ्या नावाने प्रतीक्षायादीच. म्हणून गोव्यासारखं करा, नेहमीच्या उपचारांत निदान आणि मार्गदर्शिकेची भर घाला, त्याचा खर्च बजेटमध्ये दाखवा आणि तुलनागटातल्या रुग्णांना प्रत्यक्षात काय काय मिळालं त्याची नोंद ठेवा.

नमुना किती, यावर पुढचे प्रस्ताव कोसळतात. दोन गट, ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता), ५ टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता): अर्ध्या प्रमाण विचलनाचा (माणसामाणसातल्या गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या निम्मा) फरक पकडायला एका गटात ६४ माणसं, ०.३ चा पकडायला १७६. वीस टक्के गळती धरली तर ८० आणि २२०. आरोग्य केंद्रांचं वाटप करणार असाल, दर केंद्रात २० रुग्ण आणि केंद्रांतर्गत सहसंबंध (एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असण्याचं माप) ०.०५ असेल, तर गुणक १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ येतो; नमुना जवळजवळ दुप्पट. ०.३ साठी गळतीआधीच दोन्ही गट मिळून ६८६ माणसं आणि ३५ केंद्रं लागतात. चार केंद्रं घेऊन दोन-दोन वाटली आणि आतले ४०० रुग्ण सुटे धरून गणित केलं, अशी मांडणी संख्याशास्त्रज्ञ पहिल्या वाचनात परत पाठवतो.

आणि कृपा करून पायलटमधला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतला, आकडा या गणितात घालू नका. १५-१५ जणांच्या पायलटमध्ये ०.८ चा फरक आला, तर त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा जवळजवळ शून्यापासून दीडपर्यंत पसरते. त्यावर विसंबून "दर गटात २६ पुरेत" लिहिणं म्हणजे धुक्यात बोट दाखवणं. पायलटने वेगळी उत्तरं द्यायची असतात: दहांना विचारलं तर किती हो म्हणतात, किती शेवटच्या भेटीपर्यंत टिकतात, समुपदेशक मॅन्युअल पाळू शकतात का, भेट रेकॉर्ड करू देतात का. फरकाचा आकडा मात्र "रुग्णाला जाणवेल असा किमान फरक किती" इथून काढा आणि तो का धरला ते दोन वाक्यांत लिहा.

अंधत्वावर, म्हणजे कोण कोणत्या गटात हे लपवण्यावर, लोक गडबडतात. रुग्ण आणि समुपदेशक यांच्यापासून गट लपवता येत नाही, ते सरळ मान्य करा. मोजमाप करणाऱ्यापासून लपवता येतो, आणि तो फुटतोही सहज: "आमच्या ताईंनी सांगितलं होतं तसं मी रोज..." एवढं रुग्ण बोलला की संपलं. मोजणारे वेगळ्या जागी बसवा, मुलाखतीआधी रुग्णाला "कोणाकडे जाता ते सांगू नका" हे ठरलेल्या शब्दांत सांगा, आणि शेवटी मोजणाऱ्याला गट ओळखायला लावून उत्तर नोंदवा. रँडमायझेशनची (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या गटवाटणीची) यादी प्रकल्पाबाहेरच्या माणसाकडे ठेवा, ब्लॉकचा (दोन्ही गट समसमान भरणाऱ्या तुकडीचा) आकार बदलता ठेवा. आकार चारचा आहे हे कळलं तर शेवटचा रुग्ण कोणत्या गटात जाणार ते केंद्रावरची मंडळी आपसूक ओळखतात. उपचार मॅन्युअलप्रमाणे झाला का, ते बघायला सगळ्या भेटी रेकॉर्ड करा आणि त्यांतल्या १० ते २० टक्के यादृच्छिक निवडून बाहेरच्या माणसाकडून गुण द्यायला लावा.

पैसे कुठे, हे तुमचं मूळ विचारणं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्या बहिस्थ (बाहेरच्या संशोधकांसाठीच्या) योजनेत लहान अनुदान २ कोटी रुपयांपर्यंत तीन वर्षांसाठी, मध्यम अनुदान २ ते ८ कोटी चार वर्षांसाठी. एका जिल्ह्यातल्या ३००-४०० रुग्णांच्या चाचणीला लहान अनुदान बसतं. वेलकमचा भर नैराश्य, चिंताविकार आणि सायकोसिस यांवर आहे. अमेरिकेच्या एनआयएमएच या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचा दृष्टिकोन वेगळा आहे. "बरं वाटलं का" एवढं त्यांना पुरत नाही, उपचार नेमकं काय हलवतो ते आधी दाखवा म्हणतात. त्यांच्या आर६१/आर३३ जोडअनुदानात पहिल्या टप्प्यात ते लक्ष्य हलल्याचं दाखवावं लागतं. आधीच लिहून दिलेला टप्पा गाठला तरच पुढचे पैसे सुटतात. गोव्याच्या नैराश्य-चाचणीत सक्रियता वाढली आणि त्याच वाटेने नैराश्य उतरलं हे तपासलं गेलं, तशी मांडणी इथे चालते. आर३४ हे पायलटसाठी: तीन वर्षांत थेट खर्च ४ लाख ५० हजार डॉलर, कोणत्याही एका वर्षात २ लाख २५ हजारांहून जास्त नाही. अर्जाआधीच्या नोंदण्यांनाच सहा आठवडे धरा. मे २०२५ पासून अमेरिकी संस्थेमार्फत परदेशी संस्थेला उपअनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवलेली आहे, तेव्हा तिथल्या भागीदारावर सगळी भिस्त ठेवू नका. देशी ट्रस्ट सेवा उभी करायला पैसे देतात, चाचणीला हात आखडतात. विदर्भातल्या 'विश्राम' या मानसिक आरोग्य कार्यक्रमाला टाटा ट्रस्टचा आधार होता. उपचार किती लोकांपर्यंत पोचतात ते त्यातून उत्तम कळलं, पण तुलनागट नसल्याने उपचाराचा गुण किती हे त्यातून काढता येत नाही.

परवानग्यांचं आधी सांगायला हवं होतं. परदेशी पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर अडकतो, म्हणून "मुख्य संस्था पुण्यात, कामं तीन स्वयंसेवी संस्थांत वाटून" हा आराखडा मोडतो. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी हवी. एप्रिल २०१८ पासून मागाहून होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ९९ बहुतेक जण विसरतात: संमती देण्याची क्षमता नसलेला रुग्ण घेणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचीही परवानगी लागते. पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला "हो" आलं तर किती वेळात, कोण, कोणाला फोन करणार, हे रात्री आणि रविवारसह लिहा. तो प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे, आणि "योग्य ती मदत दिली जाईल" यावर एथिक्स कमिटी थांबत नाही, थांबूही नये.

बजेटमध्ये मोजमाप करणाऱ्यांचा प्रवास आणि सुपरव्हिजनचे तास मोकळ्या हाताने धरा. गळती तिथेच वाढते. सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रानंतर (आधीचे पैसे कसे खर्चले याच्या दाखल्यानंतर) येतो आणि मध्ये काही महिने कोरडे जाऊ शकतात. त्या काळात पगार थकला की समुपदेशक दुसरी नोकरी धरतात, नवा माणूस तयार व्हायला पुन्हा दोन महिने, आणि चालू असलेल्या रुग्णांच्या भेटी तुटतात. निदान सहा महिन्यांचे पगार आगाऊ देण्याची हमी संस्थेकडून लेखी घ्या आणि ते पत्र प्रस्तावाला जोडा.