मालमत्ता पत्रकावरचं अनोळखी नाव

आजोबांच्या वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर) घराण्यात कोणी कधी न ऐकलेलं नाव निघालं, तर वाडा आधी त्या माणसाचाच होता का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात तसं धरून चालू नका.

आधी जुन्या पत्रकातला व्यवहारांचा रकाना नीट बघा. तिथे नावाला (धा), (प) किंवा (भा) जोडलेलं असतं, म्हणजे धारक (ज्याच्या नावे मिळकत आहे तो), पट्टेदार (भाडेपट्ट्याने घेणारा) किंवा भार (मिळकतीवरचा बोजा). (भा) असेल तर तो गृहस्थ मालक नव्हे. बहुतेक वेळा त्याच्याकडे घर गहाण असतं.

(धा) असलं तरी मी तिथे थांबणार नाही. आमच्या घराच्या कागदांत एका सावकाराचं नाव धारक म्हणून होतं. ‘घर त्याच्याकडून घेतलं’ असंच दोन पिढ्या सांगत आल्या. दस्ताची नक्कल मिळाली तेव्हा उलगडा झाला: पणजोबांनीच त्याला मुदत खरेदी लिहून दिली होती, पैसे फेडले की घर परत या अटीवर. ते फेडले गेले आणि घर परत आलं. पणजोबांनी ते कसं फेडलं असेल, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. १९२९ च्या कायदादुरुस्तीनंतर असा व्यवहार गहाण धरला जायला ही अट त्याच दस्तात असावी लागते. त्याआधी ती पुष्कळदा वेगळ्या करारात लिहीत. म्हणून त्या काळातलं नुसतं खरेदीखत वाचून निकाल देऊ नका, जोडीचा कागद शोधा.

दस्तासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरा. इंडेक्स म्हणजे तिथे नोंदवलेल्या दस्तांची सूची. सगळे इंडेक्स दोनच मागतात, पण तो मिळकतीवरून लावलेला असतो. तुमच्या हाती नाव आहे, तेव्हा इंडेक्स एक मागा, तो पक्षकारांच्या नावांवरून असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्वेच्या (शहरातल्या जागांच्या सरकारी मोजणीच्या) वेळची चौकशी नोंदवहीही काढा. घर कसं मिळालं, याबद्दल तेव्हाच्या धारकाने काय सांगितलं ते तिथे सापडू शकतं.

तुमच्या घराचा दस्त नाहीच मिळाला, तर शेजाऱ्यांचे बघा. मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. खरेदीखतात चतुःसीमा असते, म्हणजे चारी बाजूंना कोणाचं काय आहे ते. तुमचं घर त्या शेजाऱ्याच्या पूर्वेला असेल, तर ‘पूर्वेस अमक्याचे घर’ यातला अमका म्हणजे बहुधा त्या वेळचा तुमच्या घराचा मालक. दोन-तीन शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या काळातले दस्त जुळवले की मालकांची ओळ लागत जाते. जुने कागद मोडीत असतील, तर जाणकाराकडून वाचून घ्या. तारीख शके सालात असेल तर त्यात ७८ मिळवा (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९).

आणखी एक. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकट्याचा मालक नव्हे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालनकर्ता. हा कधी कधी मामा किंवा आजोळचा कोणी असतो, तेव्हा आडनाव वेगळं दिसतं. तुमचं अनोळखी नाव असंही आलेलं असू शकतं, म्हणून आजीचं आणि पणजीचं माहेरचं आडनाव घरात विचारून ठेवा. मग त्या नावापुढे नेमकं कोणतं अक्षर आहे आणि व्यवहाराची तारीख काय आहे, ते इथे लिहा. पुढचा कागद कुठे शोधायचा ते बघू.