‘ईशी’ म्हणजे ‘ईश’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: बायबलच्या जुन्या करारातील होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाला, म्हणजे जिला तो आपली बायको मानतो त्या प्रजेला, सांगतो की, त्या दिवशी तू मला ‘ईशी’ म्हणशील, यापुढे ‘बअली’ म्हणणार नाहीस. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘माझा नवरा’ असाच सांगितला जातो, मग यात बदलले काय? ‘ईशी’ हा आपल्या ‘ईश्वर’ शब्दातला ‘ईश’च आहे का? आणि हे बोलणे इस्राएलाच्या घराण्याशी आहे की यहूदाच्या?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण ‘ईशी म्हणजे ईश, म्हणजेच ईश्वर’ हे स्पष्टीकरण प्रवचनांतून इतक्या वेळा कानांवर पडले आहे की आता ते ऐकवत नाही. हिब्रू ‘ईश’ म्हणजे पुरुष, माणूस, आणि शेवटची ‘ई’ हा ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय. संस्कृतातील ‘ईश्’ धातूचा अर्थ स्वामित्व असणे, सत्ता चालवणे. उच्चार जुळला तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ही चूक केवळ व्युत्पत्तीची असती तर सोडून दिली असती, पण तिच्यामुळे वचन उलटे होते. स्वामित्व, मालकी, सत्ता हा सारा अर्थ ‘बअल’ या शब्दात आहे, आणि तोच शब्द यापुढे तोंडी नको असे देव म्हणतो आहे. संस्कृत ‘ईश’चा अर्थ ‘ईशी’वर चढवला की जे टाकायला सांगितले तेच पुन्हा गळ्यात पडते.

‘बअल’ कसा वापरला जातो ते बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एकाच ठिकाणी पाहायला मिळते. तिसऱ्या वचनात बायको असलेल्या दासाला ‘बायकोचा बअल’ म्हटले आहे, अठ्ठाविसाव्यात मारक्या बैलाच्या धन्याला ‘बैलाचा बअल’ म्हटले आहे, आणि पुढे चौतिसाव्यात उघड्या खड्ड्याच्या मालकासाठीही तोच शब्द आहे. बायको, बैल, खड्डा यांवरचा हक्क सांगायला एकच शब्द पुरतो. आपल्याकडच्या बायका नवऱ्याला ‘मालक’ किंवा ‘धनी’ म्हणत आल्या आहेत. ‘बअली’ म्हणजे तंतोतंत ‘माझे मालक’. ‘ईशी’साठीही मराठीत तयार शब्द आहे आणि तो कोशात शोधावा लागत नाही. ‘माझा माणूस मुंबईला कामाला आहे,’ असे एखादी बाई म्हणते तेव्हा ती ‘ईशी’च म्हणत असते. ‘ईशी’चा अर्थ ‘माझा पती’ असा देणाऱ्यांना मी नम्रपणे विचारीन की भूपती, सेनापती, गजपती या शब्दांतला ‘पती’ कोण असतो? तो स्वामीच असतो. म्हणजे ‘बअल’ला बाहेर काढून त्याच्या जागी त्याचाच संस्कृत भाऊ बसवला. ‘माझा माणूस’ हा शब्द ग्रांथिक वाटत नाही म्हणून पवित्रशास्त्रात चालणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हिब्रू ‘ईश’ किती साधा, रोजचा शब्द आहे ते पाहावे.

आता ज्या अर्थासाठी हे उत्तर लिहायला घेतले त्याकडे वळतो. ‘बअल’ या शब्दाचा तिसरा अर्थ जमिनीचा आहे. मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या संहितेत, शेतांचे दोन प्रकार येतात: पाटपाण्याचे शेत आणि ‘बअल’चे शेत. ‘बअल’चे शेत म्हणजे जे केवळ पावसावर पिकते, आपल्या भाषेत जिरायत, कोरडवाहू. आजच्या इस्राएलमधला शेतकरीही सिंचनावाचून घेतलेल्या पिकाला ‘बअल’चे पीकच म्हणतो, आणि अरबीतही ‘बअल’ हा शब्द अशाच जमिनीसाठी चालतो. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या यहुदी चर्चांच्या संग्रहात, तआनीथ या भागात, रब्बी यहूदा यांचे एक वाक्य आहे: पाऊस हा भूमीचा बअल, म्हणजे नवरा. आधाराला ते यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातील वचन घेतात, जिथे आकाशातून उतरणारा पाऊस भूमीला भिजवून सफळ करतो. मालक, नवरा आणि पाऊस हे तीन अर्थ या एका वाक्यात एकत्र नांदतात, आणि माझ्या मते होशेयाचा दुसरा अध्याय उघडण्याची किल्ली हीच आहे.

तो अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. बायको म्हणते की माझी भाकर, पाणी, लोकर, ताग, तेल हे सारे माझ्या जारांकडून येते. नवरा म्हणतो की धान्य, द्राक्षारस आणि तेल मीच देत होतो हे तिला कळले नाही. भांडण पिकाचे आहे, म्हणजेच पावसाचे आहे. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ साली उत्खनन सुरू झाले आणि उगारीत नगरीच्या मातीच्या पाट्या हाती आल्या, तेव्हा त्या प्रदेशातला बअल नावाचा देव कोण होता हे त्याच्या भक्तांच्याच शब्दांत वाचता आले. तिथे त्याला मेघांवर आरूढ होणारा म्हटले आहे, आणि तो मृत्यूच्या तावडीत सापडला की जमीन करपते. परमेश्वराचा संदेष्टा एलीया आणि बअलाचे पुजारी यांचा सामना अवर्षणाच्या वर्षांत का घडतो, तेही यामुळे उलगडते. कोरडवाहू मुलखात ‘माझा बअल कोण’ हा प्रश्न ‘माझा पाऊस कोणाच्या हाती’ असाच असतो. म्हणून होशेयाचा अध्याय समेटाच्या गोड शब्दांवर थांबत नाही. देव आकाशाला उत्तर देईल, आकाश भूमीला, भूमी धान्याला आणि द्राक्षारसाला, आणि ती इज्रेलाला, अशी साखळी तिथे लागते. ‘इज्रेल’ या नावाचा अर्थच ‘देव पेरतो’ असा आहे.

स्कॉटिश अभ्यासक रॉबर्टसन स्मिथ यांनी १८८९ साली या मताच्या विरुद्ध बाजू मांडली होती. त्यांच्या मते बअलाची जमीन म्हणजे झऱ्यांच्या आणि भूगर्भातल्या पाण्यावर पोसलेली जमीन, आणि आकाशाच्या पावसाशी बअलाचे नाते मागाहून जोडले गेले. त्यांची विद्वत्ता मोठी होती, परंतु उगारीतच्या पाट्या त्यांच्या हयातीत सापडलेल्या नव्हत्या. आज त्या छापलेल्या उपलब्ध असताना जे कोशकार अजूनही ‘जमिनीचा अर्थ गौण, दुर्लक्ष केले तरी चालेल’ अशी टीप देतात, त्यांना तेवढी सबब नाही. यशयाच्या बासष्टाव्या अध्यायात ओसाड पडलेल्या भूमीला ‘बऊला’, म्हणजे ‘जिला बअल आहे अशी’, हे नाव मिळते. तिथे लग्न भूमीचेच लागते. हा अर्थ गौण असेल तर मुख्य अर्थ कोणता, ते त्यांनी सांगावे.

दुसरा एक पक्ष म्हणतो की यात नात्याचा काही प्रश्नच नाही, फक्त मूर्तीचे नाव तोंडी येऊ नये एवढाच हेतू आहे, कारण लगेच पुढच्या वचनात बअलांची नावे तिच्या मुखातून काढून टाकण्याची भाषा येते. हे अर्धे खरे आहे. परमेश्वरालाच ‘बअल’ म्हणण्याची रीत एके काळी निर्दोष होती, याचा पुरावा माणसांच्या नावांत राहिला आहे. दावीदाच्या एका योद्ध्याचे नाव ‘बअल्या’, म्हणजे ‘याह (परमेश्वर) हाच बअल’, असे ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात येते. शौल राजाच्या मुलाचे नाव त्याच पुस्तकात ‘एशबअल’ आहे. शमुवेलाच्या पुस्तकात त्याचेच ‘ईश-बोशेथ’ झाले, कारण नकलकारांनी ‘बअल’च्या जागी ‘बोशेथ’ म्हणजे ‘लाज’ हा शब्द घातला. उत्तरेची राजधानी शोमरोन येथे १९१० साली खापरांवर शाईने लिहिलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी सापडल्या. त्या होशेयाच्याच शतकातल्या आहेत, आणि त्यांत ‘बअल’ जोडलेली नावे आणि परमेश्वराचे नाव जोडलेली नावे शेजारीशेजारी नांदतात. म्हणजे नावाचा घोटाळा होताच. पण नुसते नाव बदलायचे असते तर ‘अदोनी’, म्हणजे ‘माझा स्वामी’, हा शब्द हाताशी होता. होशेयाने तो घेतला नाही, ‘ईशी’ घेतला. या निवडीचे उत्तर त्या पक्षाकडे नाही.

तालमूदमध्ये रब्बी योहानान यांनी हे वचन एका ओळीत सोडवले आहे: सासरी असलेल्या नववधूसारखी, माहेरी असलेल्या नववधूसारखी नव्हे. आपल्या ओव्यांमुळे मराठी वाचकाला हे उलटे वाटेल, कारण आपल्याकडे माहेर हा विसावा आणि सासर हा जाच. त्यांच्या काळच्या रीतीत वाग्दानानंतर मुलगी काही काळ वडिलांच्याच घरी राहत असे. ती कायद्याने त्या पुरुषाची झालेली असे, पण त्याच्याशी सलगी नसे. सासरी आल्यावर संकोच सुटतो. ‘बअली’त वाग्दानाचा हक्क आहे, ‘ईशी’त नांदण्याची जवळीक आहे, असा तो अर्थ आहे. मागाहून राशी या भाष्यकाराने हीच गोष्ट भीती आणि प्रीती या शब्दांत मांडली.

घराण्यांचा प्रश्न राहिला. होशेय इसवी सनपूर्व आठव्या शतकात उत्तरेच्या राज्याशी बोलतो आहे. शलमोनाच्या मृत्यूनंतर शखेम येथे दहा वंशांनी त्याचा मुलगा रहबाम याला झिडकारले, तेव्हापासून ‘इस्राएलाचे घराणे’ हे उत्तरेचे नाव आणि ‘यहूदाचे घराणे’ हे दक्षिणेचे. पहिल्याच अध्यायात ‘लो-रुहामा’ (‘दया न मिळालेली’) या आपल्या मुलीच्या नावाखाली तो इस्राएलाच्या घराण्यावर दया नाही आणि यहूदाच्या घराण्यावर आहे, असा स्पष्ट भेद करतो. इस्राएल, यहूदा, यहुदी हे शब्द एकमेकांच्या जागी कुठेही ठेवणाऱ्यांनी निदान हे वचन तरी ओलांडून जाऊ नये. इसवी सनपूर्व ७२२ मध्ये शोमरोन अश्शूरांच्या हाती पडले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया हा संदेष्टा हाच संसार दोन बहिणींचा करून सांगतो: एकीला, इस्राएलाला, फारकतीचा लेख देऊन घालवले, आणि ते पाहूनही दुसरी, यहूदा, भ्याली नाही. दोघी बहिणी एका नवऱ्याच्या, ही कल्पना त्याने हवेतून काढलेली नाही. इस्राएलांचा मूळपुरुष याकोब याच्या दोन बायका लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी. यहूदा लेआचा मुलगा, आणि उत्तरेचा मुख्य वंश एफ्राईम राहेलीच्या नातवाचा. रूथच्या पुस्तकात या दोघींनी मिळून ‘इस्राएलाचे घर’ बांधले असे म्हटलेच आहे.

यिर्मयाच्या त्याच तिसऱ्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट आहे. टाकलेल्या बायकोने दुसरा नवरा केला तर पहिल्याने तिला परत घेऊ नये, हा ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधील पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला नियम यिर्मया स्वतःच पहिल्या वचनात सांगतो, आणि चौदाव्या वचनात ‘परत या’ अशी हाक देतो. त्या हाकेला जोडलेले कारण आहे ‘बअल्ती बाखेम’, म्हणजे ‘मी तुमचा बअल झालो आहे’. होशेयाने खाली ठेवलेला शब्द यिर्मयाने क्रियापद करून पुन्हा उचलला, आणि एकतिसाव्या अध्यायात, जिथे दोन्ही घराण्यांशी नवा करार करण्याची गोष्ट आहे, तिथे तो पुन्हा येतो. इथे ग्रीक भाषांतरकारांनी ‘मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले’ असा अर्थ केला, आणि नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ यात तोच उतरला. काही भाष्यकार त्याला बळ देण्यासाठी अरबीतला ‘वीट येणे’ या अर्थाचा एक धातू शोधून आणतात. अरबीकडेच जायचे असेल तर कुराणाकडे जावे: तिथे इब्राहीमची वृद्ध पत्नी आपल्या नवऱ्याला ‘बअली’ म्हणते, आणि एलीयाच्या कथेत त्याच ‘बअल’ नावाची मूर्ती येते. ‘वीट आला’ हा अर्थ ‘परत या’ या हाकेचे कारण कसा ठरेल, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

या संदर्भात एक गैरसमज मराठीपुरता आहे. अलिबाग-पनवेलकडचे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलाची मुले’, केवळ या नावामुळे उत्तरेच्या दहा वंशांतले असले पाहिजेत, असे बरेच जण ठामपणे सांगतात. नावावरून एवढे सिद्ध होत नाही. बाबेलच्या बंदिवासानंतर यहूदाच्या वंशजांनीही ‘इस्राएल’ हे नाव स्वतःसाठी घेतले होते. एज्राच्या पुस्तकात यरुशलेमेला परतलेल्या यहूदी लोकांना ‘बेने इस्राएल’ असेच म्हटले आहे.

लेखनाबद्दल एवढेच सांगतो की ‘बअल’मधला ‘अ’ गाळू नये, कारण तो घशातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘आयिन’ या स्वतंत्र व्यंजनाची जागा धरून आहे. ‘बाल’ असे लिहिले की वाचणारा लहान मूल समजतो, आणि मग त्यावरही कोणीतरी प्रवचन करतो.