दुसरा कोण आला?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. डिसेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आठ लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) जिंकलेल्या त्या घोड्याला तू ‘भारताचा फ्रँकेल’ करून टाकलंस, म्हणजे इंग्लंडच्या त्या अपराजित घोड्याच्या रांगेत बसवलंस. लिहिलंयस झकास, शेवटच्या दोन फर्लांगांचं (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) वर्णन वाचताना मीही खुर्चीत पुढे सरकलो. पण अख्ख्या लेखात दुसऱ्या आलेल्या घोड्याचं नाव नाही. तिसऱ्याचंही नाही. आठ लेंग्थ, पण कुणाच्या पुढे?

फ्रँकेलचं नाव काढलंच आहेस, तर त्याच्यावरूनच बोलू. १४ शर्यती, १४ विजय, हे कुणीही सांगेल. अपराजित या शब्दाने मी फारसा विरघळत नाही. ट्रेनर हुशार असला, सोप्या शर्यती बघून घोडा उतरवला, तर बेताचा घोडाही बराच काळ अपराजित राहतो. फ्रँकेल मोठा होता हे मला पटलं ते त्याच्याकडे बघून कमी, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांकडे बघून जास्त.

त्याची पहिली शर्यत घे. ऑगस्ट २०१०, न्यूमार्केट, एक मैल. जिंकला, पण अर्ध्या लेंग्थनी. तू तिथे असतास तर ‘बरा आहे’ म्हणून चहा घ्यायला गेला असतास, आणि मीही तुझ्याबरोबर आलो असतो. दुसरा आला नॅथॅनियल, त्याचीही ती पहिलीच शर्यत. पुढच्या जुलैत या नॅथॅनियलने अ‍ॅस्कटची किंग जॉर्ज ही मोठी शर्यत मारली आणि त्याच्या पुढच्या वर्षी सँडाउनची एक्लिप्स, तीही तशीच मोठी. त्या अर्ध्या लेंग्थचा भाव कळायला अकरा महिने लागले.

आता एक्सेलेब्रेशन. हा घोडा फ्रँकेलसमोर पाच वेळा धावला आणि पाचही वेळा हरला. एवढंच वाचलं तर वाटेल, असेल कुणीतरी लिंबूटिंबू. पण फ्रँकेल नसताना त्याने काय केलं बघ: २०११ मध्ये फ्रान्सची मुलँ ही शर्यत जिंकली, २०१२ मध्ये तिथलीच जाक ल मार्वा, आणि २० ऑक्टोबर २०१२ ला अ‍ॅस्कटवर क्वीन एलिझाबेथ. त्याच दिवशी, त्याच मैदानावर फ्रँकेल आपली शेवटची शर्यत धावत होता, फक्त लांब पल्ल्याची. वाट मोकळी मिळाली तेव्हा हा राजासारखा जिंकला. असा घोडा सापडला की त्याला मोजपट्टी समजावं.

आणि ही मोजपट्टी लावतानाही डोकं वापरावं लागतं. मे २०१२ मध्ये न्यूबरीला फ्रँकेलने त्याला पाच लेंग्थनी हरवलं. बरोबर एका महिन्याने अ‍ॅस्कटला अकरा लेंग्थनी. घोडे तेच दोन, अंतर दोन्ही वेळा एक मैल. महिन्याभरात फ्रँकेल सहा लेंग्थनी सुधारला का? सुधारलाही असेल थोडा. पण चॅम्पियनच्या मागे जीव तोडून पळणारा घोडा शेवटच्या फर्लांगात फुटतो, जॉकीला कळतं की आता काही हाती लागत नाही, आणि फरक रबरासारखा ताणला जातो. पाच आणि अकरा, दोन्ही आकडे छापील आहेत आणि घोड्याची खरी लायकी त्यांच्या मधे कुठेतरी आहे. रेटिंग, म्हणजे घोड्याच्या लायकीचा आकडा, देणाऱ्याची परीक्षा तिथेच असते. तू सरळ मोठा आकडा उचललास.

याच्या उलटही होतं. जून २०११ मध्ये अ‍ॅस्कटच्या सेंट जेम्स पॅलेस शर्यतीत फ्रँकेल पाऊण लेंग्थनी जेमतेम वाचला, मागून झोफनी चालून येत होता. निकालाचा कागद बघणारा म्हणेल, झोफनी जवळपास त्याच्याच तोडीचा. शर्यत बघितलेला तसं म्हणणार नाही. रीराउटेड नावाचा त्याच्याच मालकाचा पेसमेकर, म्हणजे शर्यतीचा वेग ठरवायला उतरवलेला घोडा, पुढे सुसाट सुटला होता, आणि जॉकी टॉम क्वीलीने फार लवकर फ्रँकेलला त्याच्या पाठलागावर सोडलं. शेवटी फ्रँकेल दमला. झोफनी मागे शांत बसून होता, म्हणून त्याच्याकडे शेवटी दम उरला. त्या पाऊण लेंग्थमध्ये घोड्यापेक्षा त्या दिवसाची चाल जास्त दिसते.

घड्याळाबद्दल थोडक्यात. तू लिहिलंस, ‘मोसमातली सर्वात जलद वेळ’. जमिनीचं काय? जमीन किती मऊ-कडक आहे ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर होतं, ते वेळेशेजारी लिहायची सवय लाव. त्याच दिवशी त्याच अंतराच्या दुसऱ्या शर्यतीला किती वेळ लागला तेही लिही. नुसती वेळ काहीच सांगत नाही. घड्याळाने एकट्याने खटला जिंकल्याचं उदाहरण विचारशील तर अमेरिकेचा घोडा सेक्रेटेरियट, बेलमाँटची शर्यत, १९७३. पाच घोडे, ३१ लेंग्थ. त्याआधीच्या केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या दोन्ही शर्यतींत त्याच्या मागे अडीच लेंग्थवर दुसरा आलेला शॅम बेलमाँटला त्याच्याशी खांद्याला खांदा लावायला गेला आणि मोडून शेवटचा आला. मागे राहिलेले बघून तिथे फार काही ठरत नाही. पण दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, आणि तो विक्रम अजून उभा आहे. तिथे मी गप्प बसतो. गंमत म्हणजे त्याच घोड्याच्या प्रीकनेसच्या वेळेचा असा घोळ झाला की ती दुरुस्त होऊन १ मिनिट ५३ सेकंद ठरायला २०१२ साल उजाडलं.

रेटिंगचे आकडेही पोथीतले नाहीत. घोड्यांना रेटिंग देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेने फ्रँकेलला १४७ दिले, जुन्या सी बर्ड या घोड्याच्या १४५ च्या वर. जागतिक क्रमवारीत त्याला १४० मिळाले, पण १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्हला तेव्हा १४१ दिलेले होते. मग जानेवारी २०१३ मध्ये जुने आकडे ‘तपासून’ डान्सिंग ब्रेव्हला १३८ वर आणलं, आणि फ्रँकेल पहिला झाला. २७ वर्षांपूर्वी धावलेला घोडा कागदावर हरला. कारणं दिली होती, ती अगदीच फुसकी नव्हती. तरी मला हसू आलं.

आणि फ्रँकेल इंग्लंडबाहेर कधी धावला नाही, आणि २१०० मीटरच्या पुढच्या पल्ल्यावरही नाही. मैलाचा घोडा म्हणून मी त्याला सगळ्यांच्या वर ठेवतो. दीड मैलावर तो काय होता, यावर मी पैज लावणार नाही.

हे सगळं मी शहाणा म्हणून सांगत नाही. ऐन पावसाळ्यात पुण्याला, चिखलात, सहा लेंग्थनी जिंकलेल्या एका घोड्यावर मी लिहिलं होतं, ‘डर्बी याचीच’. तो डर्बीत नववा आला. माझ्या गुरूंनी एक शब्द बोलून दाखवला नाही. माझ्या लेखाचं कात्रण आणि त्या पुण्याच्या शर्यतीचं निकालपत्र पाकिटात घालून पाठवलं. निकालपत्रावर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याच्या नावाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. तिघांपैकी एकानेही त्या मोसमात पुन्हा काही जिंकलं नव्हतं. बाकीचे दोन-तीन बरे घोडे होते, पण ते ओल्या जमिनीवर पाऊलच टाकायला तयार नव्हते. ते कात्रण अजून माझ्या वहीत आहे.

तुझा घोडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याची टाच छान पडते आणि वळणावर तो रेलिंग सोडत नाही, हे मीही पाहिलं. पण त्याच्या मागचे तिघे त्यानंतर धावलेत का? धावले असतील तर कुठे, किती वजन घेऊन, कुणाच्या मागे? इन्व्हिटेशन कपच्या शर्यतीला देशातल्या दुसऱ्या रेसिंग केंद्रांचे घोडे समोर येतील, तोवर ‘फ्रँकेल’ हा शब्द खिशात ठेव.

रविवारी सकाळी ट्रॅकवर्कला, घोड्यांचा सराव बघायला, येतोस ना, साडेसहाला, नेहमीच्या गेटपाशी? त्या तिघांचे निकाल लिहून आण. आणि माझी दुर्बीणही आण, दिवाळीपासून तुझ्याकडे आहे.

तुझा,
काका