कुवेतप्रमाणे परदेशी भागीदारीने भारतातील मधुमेह-सेवा सुधारेल का?

कुवेतने स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या साहाय्याने मधुमेहींची संगणकीय नोंदव्यवस्था उभारली, तशी भागीदारी भारतानेही करावी का, असे आपण विचारले आहे. करावी, परंतु केवळ संगणक आणण्यासाठी नव्हे. स्कॉटलंडचे बळ तेथील दहा अंकी आरोग्य क्रमांकात आहे; त्याच्या आधारे डॉक्टर, प्रयोगशाळा, नेत्रतपासणी आणि पायांची तपासणी यांच्या नोंदी एकाच रुग्णाच्या नावावर जमा होतात. कुवेतकडेही बारा अंकी नागरी क्रमांक होताच.

आमच्याकडे काय होते ते सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी होतो. माझे वडील मधुमेही होते; ते पावसाळ्यानंतर नालासोपाऱ्याला दादाकडे जात आणि शिमग्याला गावी परतून आंबा उतरेपर्यंत राहत. त्यामुळे आमच्या नोंदवहीत ते सहा महिने ‘उपचार सोडलेले’ असत, तर तिकडच्या रुग्णालयात उरलेले सहा महिने. एका वर्षी तेथील डॉक्टरांनी नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहिला आणि केसपेपरवर ‘पायांची संवेदना कमी’ असे लिहिले. तो केसपेपर दादाच्या कपाटात राहिला आणि वडील गावी आले. मे महिन्यात ते सवयीप्रमाणे अनवाणी कातळावरून बागेत जात राहिले. तळव्याला फोड आला, तो फुटला, चिघळला, तरी त्यांना काहीच जाणवले नाही. घरात वास येऊ लागला तेव्हा आम्हाला कळले. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढावी लागली.

दादा आजही म्हणतो की, औषधाच्या खात्यात नोकरी करणाऱ्या मुलाने बापाचा पाय पाहिला नाही. माझे म्हणणे असे की, ती एक ओळ माझ्यापर्यंत पोहोचली असती तर मी त्यांना चपलेशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. स्कॉटलंडमध्ये अशी नोंद रुग्णाच्या पाठोपाठ जाते. तेथे २००४ ते २००८ या काळात मधुमेहींचे पाय किंवा बोटे कापण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले, हे दादाने अवश्य वाचावे.

भागीदारीचे उदाहरण शोधायला कुवेतपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आमच्या शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हा होता. त्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य शासनांबरोबर जागतिक आरोग्य संघटना आणि एक परदेशी संस्था सहभागी होती. औषधांचा ठरलेला क्रम आणि तारीख चुकवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा, इतका साधा त्याचा गाभा आहे. मधुमेहाला हेच हवे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले, म्हणजे हा आजार आता फक्त शहरी श्रीमंतांचा आहे असे किनारपट्टीवर तरी कोणी म्हणू नये.

मात्र स्कॉटलंडमधील घट एकट्या संगणकामुळे झाली, असा माझा दावा नाही. तेथे पाय तपासण्याचे शिक्षण घेतलेली माणसे आहेत, आणि कुवेतनेही डंडीकडून डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण घेतले. आमच्या केंद्रात ते काम कोणाचेच नव्हते. औषधाच्या खिडकीतून रुग्णाचा चेहरा आणि हात दिसतो, पाय दिसत नाही. घरी मात्र खिडकी नव्हती, एवढे दादाचे मला मान्य करावे लागते.

आता आईलाही मधुमेह आहे. तिचा चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे भारतात रुग्णाच्या आरोग्य नोंदी जोडणारा ओळख क्रमांक, मी स्वतः काढून दिला आहे. तो नालासोपाऱ्याच्या रुग्णालयात नोंदवून घेण्यास दादाला दोनदा सांगितले. तिचे तिकडचे केसपेपर अजून त्याच कपाटात आहेत.