रनइन्स्टन्सेसची परवानगी आहे तरी सर्व्हर सुरू होत नाही, मग अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस मागून घ्यावा का?

नका मागू. बाकीचं सगळं पुढे लिहिते, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) तुमच्या युजरला ईसी-टूच्या, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या सेवेच्या, रनइन्स्टन्सेसची (सर्व्हर सुरू करायची) परवानगी आहे. कन्सोलवरून (ब्राउझरमधल्या पानावरून) सर्व्हर उठतो, तोच टेराफॉर्मने (कोड लिहून सर्व्हर उभं करणाऱ्या साधनानं) उठवायला गेलं की 'यू आर नॉट ऑथराइज्ड' येतं आणि खाली अगम्य अक्षरांचा भलामोठा ढिगारा येतो. तुमचे लीड म्हणतात, कशाला डोकं खाजवताय, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अ‍ॅक्सेस घ्या आणि मोकळे व्हा. त्या ढिगाऱ्यासाठीच मी हे लिहायला बसले. माझे त्यापायी तीन दिवस गेलेत, आणि ते तीन दिवस अजून मनातून गेलेले नाहीत.

2018 सालची गोष्ट. बाणेरमधल्या वीस-बावीस जणांच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. डिप्लोमा करून इचलकरंजीहून आलेली, टीममध्ये वयानं सगळ्यांत लहान. पहिलंच स्वतंत्र काम मिळालं होतं: मुंबई रीजनमध्ये टेस्टिंगसाठी एक छोटा सर्व्हर उभा करायचा. माझ्या युजरला लावलेली पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची यादी, आमच्या सरांनी जुन्या प्रोजेक्टमधून उचलून जुळवून दिली होती. कमांड चालवली, एरर. पुन्हा चालवली, पुन्हा तीच. सरांना सांगितलं तर जागेवरूनच म्हणाले, "अगं, बाकी सगळ्यांचं चालतंय, तुझंच कसं नाही चालत?"

बाकी सगळ्यांकडे अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस होता. हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी की-पेअर नवीन केली, सबनेट (नेटवर्कचा भाग) बदलून पाहिलं, सीएलआय (कमांड चालवायचं साधन) काढून परत टाकलं, शेजारच्या मुलीचा लॅपटॉपही मागून घेतला. त्या ढिगाऱ्याच्या वरच्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं असायचं की हा मजकूर एन्कोड केलेला आहे. म्हणजे तो उलगडता येत असणार, एवढं कळत होतं. उलगडायची कमांड शोधली आणि चालवली, तर तिलाही परवानगी नाही! दार का उघडत नाही ते दारावरच लिहिलंय, पण ते वाचायची किल्ली मला दिलेली नाही, अशी गत. रात्री आईचा फोन आला. काम कसं चाललंय म्हणाली, मी म्हटलं, छान चाललंय.

तिसऱ्या दिवशी उशिरापर्यंत थांबले होते. नाइट शिफ्टचे एक दादा आले, माझ्या मागे उभे राहून त्यांनी स्क्रीन पाहिली. म्हणाले, "हे डिकोड केलंस का?" म्हटलं, परवानगी नाही. त्यांनी तो मजकूर स्वतःच्या मशीनवर घेतला, एडब्ल्यूएसच्या एसटीएस सेवेची डिकोड-ऑथोरायझेशन-मेसेज कमांड चालवली आणि दहा सेकंदांत जेसन, म्हणजे वाचता येईल असा मजकूर, समोर आलं. अलाउड: फॉल्स. एक्स्प्लिसिट डिनाय: फॉल्स. म्हणजे कुणी मुद्दाम अडवलेलं नव्हतं, हो म्हणणारं कलमच सापडत नव्हतं. खाली अ‍ॅक्शन रनइन्स्टन्सेस, आणि ज्यावर अडलं ते रिसोर्स: ज्या इमेजवरून सर्व्हर उठायचा ती एएमआय.

पॉलिसीत इमेजची ओळ होती की! दादांनी जेसनमधला एआरएन (रिसोर्सचं पूर्ण नाव) कागदावर उतरवला, त्याखाली मी पॉलिसीतला उतरवला. अक्षर न् अक्षर बोट ठेवून पाहिलं. जेसनमध्ये रीजनच्या नावानंतर लागोपाठ दोन कोलन होते आणि लगेच 'इमेज'. पॉलिसीत त्या दोन कोलनांच्या मध्ये आमच्या कंपनीचा बारा आकडी अकाउंट नंबर घातलेला होता. सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, व्हॉल्यूम यांच्या एआरएनमध्ये अकाउंट नंबर लागतो. इमेजच्या एआरएनमध्ये ती जागा रिकामी असते, अगदी इमेज तुमची स्वतःची असली तरी. सरांनी सवयीनं सगळीकडे नंबर भरला होता. बारा आकडे खोडले असते की काम झालं असतं.

सकाळी तो कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला नाही. "बरं बरं, बघतो," म्हणाले, आणि पाच मिनिटांत अ‍ॅक्शनमध्ये ईसी-टूचं सगळं आणि रिसोर्समध्ये स्टार (म्हणजे 'काहीही चालेल') टाकून मोकळे झाले. तिकिटावर शेरा मारला: 'युजर एरर, रिझॉल्व्ड.' युजर मी होते.

त्यानंतर मी दोन कंपन्या बदलल्या आणि दोन्हीकडे हाच वाद घातला. सीनियर लोकांचं म्हणणं ठरलेलं असतं: डिकोड केलेल्या मेसेजमध्ये परवानग्यांचा आतला तपशील दिसतो, तो ज्युनियरला कशाला दाखवायचा? माझं म्हणणं सरळ आहे. ज्या माणसाला तुम्ही सर्व्हर सुरू करायचं काम देता, त्याला डिकोडऑथोरायझेशनमेसेज ही परवानगी त्याच दिवशी द्या. तीन दिवस अंधारात ठेवून शेवटी स्टार लावण्यात जो धोका आहे, त्यापुढे हा धोका काहीच नाही. तुमच्या लीडना विचारा, रनइन्स्टन्सेससोबत पासरोलवरही (सर्व्हरला रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, जोडायच्या परवानगीवरही) स्टार असला तर काय होतं ते ठाऊक आहे का? असा युजर एखादा ताकदवान रोल लावून सर्व्हर उठवू शकतो, त्या सर्व्हरवर लॉगिन करू शकतो आणि त्या रोलच्या सगळ्या परवानग्या वापरू शकतो. त्या रोलला अ‍ॅडमिनचे अधिकार असतील तर तो ज्युनियर अ‍ॅडमिन झाला, आणि कुणी त्याला ते दिलेलंही नसतं.

आता तुमच्याबद्दल. कन्सोलवर चालतं आणि टेराफॉर्मवर नाही, याचा अर्थ दोन्हीकडून जाणारी विनंती एकसारखी नाही. माझा पहिला संशय टॅगवर (सर्व्हरला लावलेल्या लेबलांवर) आहे. टेराफॉर्ममध्ये कुणीतरी डीफॉल्ट टॅग लिहून ठेवलेले असतात, ते सर्व्हर सुरू करतानाच लावले जातात, आणि त्यासाठी क्रिएटटॅग्ज ही वेगळी परवानगी लागते. ती देताना 'क्रिएटअ‍ॅक्शन बरोबर रनइन्स्टन्सेस' अशी कंडिशन घाला, म्हणजे नवीन सर्व्हरला टॅग लावता येतील, पण चालू सर्व्हरचे टॅग कुणी बदलू शकणार नाही. दुसरा संशय पासरोलवर. टेराफॉर्मच्या कोडमध्ये इन्स्टन्स प्रोफाइल (सर्व्हरला रोल देणारं) जोडलेलं असेल आणि कन्सोलवर तुम्ही तो रकाना रिकामा सोडत असाल, तर हेच होणार. पासरोल हा स्वतंत्र एपीआय कॉल नाही, त्यामुळे क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत) त्या नावानं शोधत बसू नका, काही सापडणार नाही. रनइन्स्टन्सेसचीच नोंद उघडा.

तिसरं, कंडिशन. 'फक्त टी-थ्री-मायक्रो (सर्व्हरचा एक छोटा प्रकार) चालेल' अशी अट घालून खाली रिसोर्स स्टार ठेवलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. इन्स्टन्स टाइप हा प्रकार फक्त इन्स्टन्सला, म्हणजे सर्व्हरला असतो. सबनेटला नसतो, इमेजला नसतो. रनइन्स्टन्सेसच्या एका विनंतीत इमेज, सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, नेटवर्क इंटरफेस, व्हॉल्यूम, इन्स्टन्स या सगळ्यांची वेगवेगळी तपासणी होते. ज्यांना ती अट लागूच होत नाही, तिथे ते कलम जुळत नाही आणि सगळी विनंती पडते. इन्स्टन्सचं कलम अटीसकट वेगळं लिहा, बाकीच्यांचं वेगळं.

स्टारवर मी एवढं तोंड टाकलं, पण एका जागी तो लागतोच. ईसी-टूच्या बहुतेक डिस्क्राइब (माहिती वाचायच्या) परवानग्या एखाद्या ठरावीक रिसोर्सपुरत्या देता येत नाहीत, आणि टेराफॉर्म सर्व्हर उठवल्यावर तो वाचून पाहतं, म्हणून त्या परवानग्या हव्यातच. तिथे स्टार ठेवा, हरकत नाही.

अजून दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हल्ली त्या ढिगाऱ्याच्या आधी एक सरळ इंग्रजी वाक्यही येतं, कोणती अ‍ॅक्शन, कोणत्या रिसोर्सवर आणि का अडली ते सांगणारं. आम्हाला तेव्हा ते मिळत नव्हतं. ते नीट वाचा, कदाचित डिकोड करायची वेळच येणार नाही. आणि डिकोडची परवानगी द्या असं मी म्हणते तेव्हा मला स्वतःच्या कंपनीतली माणसं अभिप्रेत आहेत. बाहेरच्या कंत्राटदारांच्या बाबतीत तुमच्या सीनियर लोकांचा मुद्दा बरोबर आहे, त्या मजकुरात खरोखरच आतली माहिती असते. एक्स्प्लिसिट डिनाय ट्रू दिसलं, तर मात्र परवानग्या वाढवून उपयोग नाही, नकार काढावा लागतो. तो ऑर्गनायझेशनच्या एससीपीतून (अकाउंटवर वरून लागणाऱ्या नियमांतून) आला असेल तर तुमच्या अकाउंटमधला अ‍ॅडमिनही काही करू शकत नाही, मग तो अ‍ॅक्सेस मागून काय मिळवणार?

परवानग्या सगळ्या मिळाल्या, सर्व्हर 'पेंडिंग' दिसला आणि काही सेकंदांत 'टर्मिनेटेड' झाला, तर डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या केएमएस चावीकडे वळा. चावी तुमच्या कंपनीनं स्वतः बनवलेली असेल तर तिच्यावर क्रिएटग्रँट वगैरे परवानग्या लागतात. तेव्हा डिकोड करायला काही मिळत नाही. इन्स्टन्सच्या तपशिलात 'स्टेट ट्रान्झिशन रीझन' पाहा, तिथे क्लायंटकडून चूक झाली एवढंच मोघम लिहिलेलं असेल. ड्राय-रन (खरा सर्व्हर न उठवता घेतलेली चाचणी) सुरळीत गेलं म्हणून हे सुटलं असं धरू नका.

आजच लीडना तिकीट टाका. त्यात "अ‍ॅक्सेस द्या" असं लिहू नका. डिकोड करून घेतलेला मजकूर आणि पॉलिसीतली ती ओळ एकाखाली एक चिकटवा, फरक कुठे आहे तिथे खूण करा. तिकीट 'युजर एरर' म्हणून बंद झालं तर त्याच दिवशी पुन्हा उघडा आणि चूक कोणत्या ओळीत होती ते लिहा. मी ते केलं नव्हतं.