फाट्यावरच्या बाकाविषयी

प्रिय पोरी,

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्या फाट्यापाशी कॉफी हाऊस काढायचं म्हणतेस. काढच. वर चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत आणि पायथ्याच्या गावांना कॉफी ठाऊक आहे ती फक्त लग्नातली, हे मला कायम खटकत आलं आहे.

मशीन कोणतं घेऊ, असं तू विचारलंस. त्यातलं मला कळत नाही. 27 वर्षं चहाचं कॅन्टीन चालवलं, त्यातून कळलं ते माणसांच्या बसण्याचं.

माझ्याकडे पेपर एकच यायचा. सकाळी सहाला पाच-सहा जण पानं वाटून घ्यायचे आणि एक जण मोठ्यानं वाचायचा, कारण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, मग त्यावर वाद. कोणाच्या पराटीवर बोंडअळी आली हे सगळ्यांत आधी माझ्या बाकावर कळायचं. लंडनला पहिलं कॉफी हाऊस 1652 मध्ये निघालं, तिथंही हेच चालायचं. एक पेनी कॉफीची, पेपर आणि चर्चा फुकट. म्हणून लोक त्याला ‘पेनी युनिव्हर्सिटी’ म्हणायचे. लोकांच्या त्या बोलण्याची राजालाही धास्ती वाटली. दुसऱ्या चार्ल्सनं 1675 च्या डिसेंबरात कॉफी हाऊसं बंद करायचा हुकूम काढला, तर लोक असे खवळले की अंमल सुरू व्हायच्या आत त्याला तो मागं घ्यावा लागला.

पण त्या चर्चेत बायकांना जागा नव्हती. माझ्या बाकावरही नव्हती.

तुला एक गोष्ट सांगतो. माझ्याआधी ही जागा दुसऱ्या एकाकडे होती. मागच्या भिंतीला एक खिळा होता, त्यावर कान तुटलेला कप टांगलेला असायचा. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं तो स्वतः काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवं बसून प्यायचा, विसळून परत टांगायचा. मी कॅन्टीन घेतलं त्या दिवशी पहिल्यांदा तो खिळा उपटला. महिनाभर काही गिऱ्हाईकं फिरकली नाहीत. मग आली. फाट्यावर दुसरीकडे चहाच मिळत नव्हता.

तेवढ्यावर मी समाधान मानलं, ही माझी चूक. निंदणाला जाणाऱ्या बाया ऑटोची वाट पाहत बाभळीखाली उभ्या राहायच्या आणि मी पोराच्या हाती त्यांचा चहा तिकडेच पाठवायचो. त्याला मी चांगुलपणा समजत होतो. ‘इथं बसा’ असं 27 वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

म्हणून बाक रस्त्याकडे तोंड करून लावू नकोस. तसे लावले की माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला न्याहाळत बसतात. समोरासमोर लावले की एकमेकांशी बोलतात. आतून कडी लागेल असा संडास मशीनच्या आधी बांध. तो नसेल तर बाई दहा मिनिटांवर थांबणार नाही. टीव्ही नको. एका कपावर कोणी दोन तास बसलं तरी उठवू नकोस. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाऊसचं नाव अशा बसणाऱ्यांमुळेच झालं. आणि कामाला ठेवशील त्या पोरांना पुढं भागीदार करता येतं का बघ. सरकारच्या कॉफी बोर्डानं स्वतःची कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढल्या, 1957 पासून. त्यातली कित्येक अजून चालू आहेत.

उधारीची वही ठेव, पण तिच्यातलं नाव चारचौघांत घेऊ नकोस. सोयाबीन गेलेल्या वर्षी तर मुळीच नाही. रोजचा माणूस तीन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन ये. उधारी मागायला नाही, नुसतं ‘कसं काय’ विचारायला. एका वर्षी मी जायला उशीर केला होता. त्यावर जास्त लिहवत नाही.

माझा सागवानी बाक ओसरीवर पडून आहे, सहा फुटी. ट्रॅक्टर पाठव, घेऊन जा. डाव्या बाजूचा एक पाय आखूड झालाय, त्याखाली खापरी लावावी लागेल.

तुझा,
काका